आधी कॉलेज, नंतर संडास

एकदा एक विदुषी परदेशी निघाली. विदुषी म्हटल्यावर पिकल्या केसांची कोणी बाई डोळ्यांपुढे आणू नये. कोल्हापूरच्या ऋजुता बोंद्रेचे शिक्षण नुकतेच संपले होते. सार्वजनिक आरोग्य या विषयात ती विद्यापीठात पहिली आली होती. शाळेपासून वक्तृत्वाच्या ढाली जिंकत आल्यामुळे घरातले एक कपाट त्यांनीच भरले होते. आपल्या बोलण्यात चूक राहणे तिला अंगावर डाग पडल्यासारखे वाटे. कोणी चूक दाखवलीच, तर त्या दिवशी तिला जेवण जात नसे.

अशा या मुलीची टांझानियातल्या एका लहानशा आरोग्यसंस्थेने उमेदवारीसाठी, आजच्या भाषेत इंटर्नशिपसाठी, निवड केली. केळीच्या बागांमध्ये विखुरलेल्या वस्त्यांत ही संस्था काम करी. आदल्या पावसाळ्यात तिथे हगवणीची साथ येऊन गेली होती आणि तिने काही लहान मुले नेली होती. पुढचा पाऊस यायच्या आत घरोघरी संडास व्हावेत, एवढेच काम होते. ऋजुताने मनाशी म्हटले, एवढ्यासाठी तर आपल्याला बोलता येते.

जाण्यापूर्वी तिने मोबाइलवरून स्वाहिली भाषा शिकायला घेतली. भाषा गोड, पण मराठी माणसाची फिरकी घेणारी. त्या भाषेत दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई. बाबा तेवढे जिथल्या तिथे राहतात. ही नाती पाठ करता करता ऋजुताची इतकी दमछाक झाली की, दोन साधे शब्द तिच्या डोक्यात एकमेकांच्या जागी जाऊन बसले आणि तिला त्याचा पत्ताच लागला नाही. त्या भाषेत 'चुओ' म्हणजे कॉलेज आणि 'चो' म्हणजे संडास. ऋजुताच्या डोक्यात चो झाले कॉलेज आणि चुओ झाला संडास.

संस्थेच्या प्रमुख होत्या मामा रेहेमा. उभा जन्म परिचारिकेचे काम करून त्यांनी ही संस्था काढली होती. अंगाने भरदार, चालीने संथ आणि बोलण्याला अतिशय काटकसरी. मामा 'म्हणाल्या', मामा 'हसल्या' असे वाचताना मराठी वाचकाला थोडे अडखळायला होईल, त्याने सवय करून घ्यावी. ऋजुतालाही ती करून घ्यावी लागली. तिने वडीलधाऱ्यांना करायचे अभिवादन केले, "शिकामू, मामा." 'तुमच्या पाया पडते' असाच त्याचा अर्थ. मामांनी "मराहाबा" म्हणून ते स्वीकारले, तिला पोटभर उकडलेली केळी खाऊ घातली आणि एवढेच सांगितले की, परवा बाजाराचा दिवस आहे, लोक जमतील, तेव्हा तूच बोल.

काय बोलू, किती वेळ बोलू, आधी कोणी तपासणार का, असे ऋजुताने विचारले. मामा म्हणाल्या, तुला जे येतं ते बोल.

बाजाराच्या दिवशी पत्र्याच्या शेडखाली माणसे जमली. अशा सभांची त्यांना चांगली सवय होती. पाहुणा येतो, सांगतो, आपण माना डोलवायच्या, मग पाहुणा जातो. ऋजुता उभी राहिली. वक्तृत्वस्पर्धेत करावी तशी तिने समोरच्या रांगेवरून शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवली आणि अस्खलित स्वाहिलीत स्वतःची ओळख करून दिली.

"मी कित्येक वर्षं संडासात शिकले," ती म्हणाली. "माझे वडील अजूनही संडासात शिकवतात. आमच्या शहरातला संडास फार मोठा आणि जुना आहे. लांबलांबच्या गावांहून मुलं तिथे येतात, मन लावून बसतात आणि उत्तम निकाल घेऊन बाहेर पडतात."

एका बाईने अंगावरच्या कापडाचे टोक तोंडात कोंबले, आणि बघता बघता सगळी सभा हसून लोटपोट झाली. लोक आनंदी स्वभावाचे आहेत, अशी ऋजुताने मनात नोंद केली आणि ती मुद्द्यावर आली. तुमच्या प्रत्येक घरामागे एक कॉलेज हवे, असे तिने सांगितले. ते विहिरीपासून लांब आणि खोल खणलेले असावे. आत गेल्यावर नीट बसावे, बाहेर येताना झाकण लावावे आणि साबणाने हात धुवावेत.

पुढच्या रांगेत बाबा मासावे नावाचे एक वृद्ध गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते एकटे हसले नव्हते. त्यांनी काठी आपटली आणि म्हणाले, "चो."

मागून आणखी चारदोन आवाज आले, "चो. चो."

ऋजुताने ऐकले ते असे, की ही माणसे कॉलेज मागत आहेत. तिला गहिवरून आले. केवढी ही विद्येची ओढ. पण आरोग्याचा प्रश्न होता, म्हणून तिने मृदू पण ठाम स्वरात सांगितले, "ते नंतर. आधी चुओ, मग चो."

म्हणजे आधी कॉलेज, नंतर संडास. यावर सभा खवळली. एक बाई उठून म्हणाली, की पोरे आजारी पडतात ती कॉलेज नाही म्हणून नव्हे. दुसरा म्हणाला, इतक्या लांबून येऊन भलतेच काय सांगतेस, आधी संडास हवा. ऋजुताने तितक्याच जोराने आपली बाजू लढवली. सूर्य कलला तरी वाद संपेना. शेवटच्या रांगेत मामा रेहेमा बसल्या होत्या. त्यांनी अंगावरच्या रंगीत कापडात तोंड लपवले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. त्यांना खोकल्याची उबळ आली असावी, असे ऋजुताला वाटले.

परतताना ती मामांना म्हणाली, की लोक चांगले आहेत, पण कॉलेजसाठी फार हटून बसले आहेत. मामा गंभीरपणे म्हणाल्या, "हो. हट्टी आहेत खरे." संस्थेत ऋजुताच्याच वयाची झावादी नावाची कार्यकर्ती होती. ती काही सांगायला तोंड उघडू लागली, तेव्हा मामांनी तिच्याकडे असे पाहिले की तिने ते तसेच मिटले.

पुढच्या बाजाराला गर्दी दुप्पट झाली. त्याच्या पुढच्या बाजाराला डोंगरापलीकडच्या वस्त्यांतून माणसे आली. येताना ती वाटेवर मुद्द्यांची तयारी करून येत. इतकी शिकलेली मुलगी कॉलेजच्या बाजूने बोलते आहे, तेव्हा संडासाची बाजू नीट मांडायला हवी, असे ज्याला त्याला वाटू लागले होते. ऋजुताने घरी फोन करून सांगितले, की मला ऐकायला लोक तासन्‌तास चालत येतात. आईने हे अख्ख्या सोसायटीला ऐकवले.

आणि काही घरांमागे खड्डे खणले जाऊ लागले. आपल्या युक्तिवादाने अखेर लोकांचा हट्ट मोडला, असे ऋजुताला वाटले. लोकांना वाटत होते, की तिचा हट्ट काही मोडत नाही, तेव्हा तिला करूनच दाखवावे.

अशाच एका सभेत बाबा मासावे उभे राहिले. एरवी ते बसल्या जागेवरून बोलत. ते म्हणाले, "माझी नात गेल्या पावसात गेली. हगवणीने. तिला चुओचा काय उपयोग होता?"

ऋजुताला वाटले, ते संडासाचा काय उपयोग असे विचारत आहेत. तिचे डोळे भरून आले. ती अगदी मनापासून म्हणाली, "बाबा, घरी चुओ असता, तर ती वाचली असती."

"नाही," बाबा मासावे म्हणाले. "चो असता तर." आणि ते सभेतून निघून गेले. त्या दिवशी कोणी हसले नाही.

काही दिवसांनी झावादीबरोबर ऋजुता जवळच्या बाजारगावी साबणाच्या वड्या आणायला गेली. एसटीच्या थांब्यासारख्या एका जागी गाड्या लागत होत्या. तिथे कडेला पत्र्याचे एक दार होते आणि त्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिले होते, चो. ऋजुता थबकली.

"इतकं लहान कॉलेज?" ती म्हणाली.

झावादीने आकाशाकडे पाहिले. तेवढ्यात दार उघडले आणि एक गृहस्थ पट्टा आवळत बाहेर आले. त्यांच्यामागून जो वास आला, तो कुठल्याही विद्यापीठाचा नव्हता.

ऋजुता तिथेच एका पोत्यावर बसली. एकेक सभा तिच्या डोळ्यांपुढून जाऊ लागली. माझे वडील संडासात शिकवतात. उत्तम निकाल घेऊन बाहेर पडतात. आधी झाली ती शरमेने मेल्याहून मेल्यासारखी. मग तिला बाबा मासावे आठवले आणि शरमही मागे पडली. नात गमावलेल्या माणसाला आपण डोळ्यांत पाणी आणून सांगितले होते, की घरी कॉलेज असते तर ती वाचली असती.

ती तडक मामांकडे गेली. मामा ओसरीवर शेंगा सोलत होत्या. तुम्हाला माहीत होते का, असे तिने विचारले. मामा हो म्हणाल्या. मग का सांगितले नाही, असे विचारल्यावर मामांनी एक शेंग सोलली, दुसरी सोलली आणि म्हणाल्या, "गुरुवारी बाजार आहे. आता तुला जे येतं ते बोल."

या कोड्याने ऋजुता अधिकच पेटली. तिने झावादीला समोर बसवून शब्दन्‌शब्द घासून घेतला. गुरुवारी ती बाबा मासाव्यांच्या घरी जाऊन त्यांची क्षमा मागून आली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग शेडखाली तिने असे भाषण केले की कोल्हापुरात असते तर ढाल घरी आली असती. चो तिथे चो, चुओ तिथे चुओ. एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही.

लोक दाटीवाटीने, उत्सुकतेने बसले होते. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग त्यांच्या लक्षात आले, की आज भांडायला काही नाही. ही तर इतरांसारखेच सांगते आहे. त्यांनी माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या आणि ते कांदे-बटाटे घ्यायला गेले.

पुढच्या बाजाराला निम्मी माणसे आली. त्याच्या पुढच्या बाजाराला चार म्हाताऱ्या आल्या, त्यांतल्या दोघी सावलीसाठी. अर्धवट खणलेले खड्डे तसेच पडून राहिले आणि एकात कोंबड्या राहू लागल्या. पश्चिमेला आभाळ भरून यायला लागले होते.

ऋजुता घाबरली. तिने विचार केला, चुकल्यावर लोक येत होते, तर चुकून पाहू. तिने मुद्दाम, मोठ्या आवाजात, घरोघरी कॉलेज खणा असे सांगितले. कोणी हसले नाही. एका म्हातारीने काळजीने विचारले, "मुली, ताप आहे का तुला?" दुसरी म्हणाली, की नाही, ती आपली थट्टा करते आहे. आणि दोघी उठून गेल्या.

त्या दुपारी ती बॅग भरून मामांकडे आली. बरोबर बोलले तर कोणी ऐकत नाही, चुकले तर हसे होते आणि मुद्दाम चुकले तर अपमान होतो. मला हे काम येत नाही, मी परत जाते, असे तिने सांगितले. मामांनी तिला शेजारी बसवले आणि ती आल्यापासून पहिल्यांदाच त्या सलग बोलल्या.

"मी हसले, बाळ. खूप हसले. खोटं कशाला बोलू. पण नुसतं हसण्यासाठी गप्प राहिले नाही. या शेडखाली मी कित्येक पावसाळे हेच सांगत आले, की संडास बांधा. अगदी बरोबर सांगितलं. लोक हो म्हणाले. माणूस हो म्हणाला की त्याचं काम संपतं, तो घरी जातो. मग तू आलीस आणि उलटं सांगायला लागलीस. तुला समजावता समजावता माझं सगळं गाव संडासाची बाजू घेऊन उभं राहिलं. जी गोष्ट माणूस ऐकतो ती सांगणाऱ्याची असते. जी तो दुसऱ्याला पटवून देतो, ती त्याची स्वतःची होते. मग ती घरी नसेल, तर त्याला लाज वाटते. मी तुझी चूक सुधारली असती, तर तुझी भाषा तेवढी सुधारली असती."

"पण बाबा मासावे," ऋजुता म्हणाली. "त्यांना किती लागलं असेल."

"लागलं. त्या दिवशी मी चुकले. तिथे मी उठायला हवं होतं, आणि मी बसून राहिले. मी त्यांच्याकडे जाऊन आले आहे."

ऋजुताने इतका वेळ धरलेली बॅग खाली ठेवली. मग तिने विचारले, "म्हणजे मी चुकतच राहायचं का?"

"मुद्दाम केलेली चूक लोकांना लगेच कळते. तुला खरोखर माहीत नाही, असं काहीच उरलं नाही का?"

ऋजुताने विचार केला. आयुष्यात पहिल्यांदा तिने या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला आणि ती हळूच म्हणाली, "पुष्कळ आहे."

"मग ते घेऊन जा. आणि ती बॅग वाटेत ठेवू नकोस, कोणी अडखळून पडेल."

पुढच्या बाजाराला झावादीने दारोदार जाऊन माणसे गोळा केली. ऋजुता उभी राहिली नाही, त्यांच्यात बसली. ती म्हणाली, की मला एक गोष्ट कळत नाही. संडास हवा हे तुम्ही मला इतके दिवस पटवून दिले. माझ्यापेक्षा चांगले पटवून दिले. मग इतक्या घरांत तो का नाही? मला हे खरोखर माहीत नाही.

लोक चपलांनी माती उकरत राहिले. मग बाबा मासाव्यांनी घसा साफ केला. सगळ्यांत जोरात भांडणाऱ्या या माणसाच्या घरामागे एक फावडेही लागले नव्हते, हे गावाला ठाऊक होते.

"घरात सून आहे," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "तिच्या देखत त्या दिशेने चालत जायचं कसं? रानात गेलं की कोणाला कळत नाही."

ऋजुताने वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात हे कारण नव्हते. तिला उत्तर सुचेना, आणि यावेळी तिने सुचल्यासारखे दाखवलेही नाही. तेवढ्यात ताप आहे का विचारणारी ती म्हातारी म्हणाली, की सुनेला काय आंधळी समजता, तुम्ही रानात कशाला जाता ते तिला कळत नाही का? हशा पिकला. दुसरा म्हणाला, दार घराकडे कशाला, बागेकडे करा. तिसरी म्हणाली, मधे केळीची रांग लावा. मग म्हातारीनेच निकाल दिला, की जाताना मोठ्याने खोकत जावे, म्हणजे सून आपोआप तोंड फिरवील. यावर इतर सासऱ्यांनीही आपापल्या अडचणी बाहेर काढल्या. कोणाची जमीन भुसभुशीत होती, कोणाचे शेजाऱ्याशी हद्दीवरून वाकडे होते. ज्याला त्याला दुसऱ्याच्या अडचणीवर तोडगा माहीत होता. ऋजुता विचारत राहिली आणि ते तिला समजावत राहिले.

पाऊस येण्यापूर्वी बाबा मासाव्यांच्या बागेत, केळीच्या रांगेआड, दार पलीकडे असलेला एक नीटस संडास उभा राहिला. गावातले बहुतेक खड्डेही पुरे झाले. कोंबड्यांना दुसरी जागा पाहावी लागली. त्या पावसाळ्यात आजार अजिबात आला नाही असे नाही, पण जी मुले दवाखान्यात आली ती सगळी आपल्या पायांनी घरी गेली.

ऋजुताची उमेदवारी संपत आली तेव्हा डोंगरापलीकडच्या वस्तीने बाबा मासाव्यांना बोलायला बोलावले. मामांनी ऋजुताला त्यांच्याबरोबर पाठवले. आयुष्यातल्या पहिल्या भाषणासाठी बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. ते सावकाश, ऐटीत बोलले. खड्डा किती खोल, विहिरीपासून किती लांब, दार कुठे, खोकावे कधी, सगळे त्यांनी सांगितले. आणि मग काठी उंचावून त्यांनी बजावले, की संडासात जाण्यापूर्वी साबणाने हात धुवायला मुळीच विसरू नका.

शेवटच्या रांगेत बसलेली ऋजुता सवयीने उठू लागली. ओठांवर शब्द आलाही होता. तेवढ्यात पुढच्या रांगेतली, कडेवर मूल घेतलेली एक बाई तिच्या आधी उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "आधी नाही, नंतर." लगेच तिच्या शेजारची म्हणाली, की नंतर तर हवेतच, पण जेवण्याआधीही. आणि वाद सुरू झाला.

ऋजुता हळूच खाली बसली आणि ऐकू लागली.